वीज मोजायची ती फाटकाबाहेर

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला, पृथ्वीवर लवकरच सूर्य अवतरणार असे सांगणारा लेख वाचला. आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सॲप गटात तो सकाळपासून फिरत होता आणि संध्याकाळी एकाने निकालही देऊन टाकला: संमीलन (हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवणे) आलेच आहे, आता विखंडनाच्या (जड केंद्रके फोडून चालणाऱ्या, आजच्या) अणुभट्ट्या कशाला बांधायच्या? हा गट कोळशावरच्या वीज केंद्रात बॉयलर-टर्बाइन सांभाळण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशा माणसांचा आहे. त्यांचासुद्धा असा समज होत असेल तर दोष लेखाच्या मांडणीचा आहे. म्हणून हे पत्र. लांबले आहे, याची कल्पना आहे. कापायचे झाल्यास आकडे ठेवा आणि बाकीचे कापा.

माझी नोकरी कंट्रोल रूममधली, शेवटी शिफ्ट इन्चार्ज म्हणून. आमच्या धंद्यात वीज दोन ठिकाणी मोजतात. एकदा जनरेटरच्या टोकाशी आणि एकदा स्विचयार्डातून बाहेर पडताना. मधला फरक केंद्र स्वतःच खाते: बॉयलरला पाणी पुरवणारे फीड पंप, धूर ओढणारे पंखे, कोळसा दळणाऱ्या मिल. कोळशाच्या केंद्रात हा ‘ऑक्झिलरी’ वापर साधारण सहा ते नऊ टक्के असतो आणि तो अर्धा टक्का वाढला तरी वरून विचारणा होते. अशा माणसाला ‘घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली’ हे वाक्य दाखवले की तो आधी विचारणार, मीटर कुठे लावला होता?

लेखात ज्याचा गाजावाजा आहे तो प्रयोग ५ डिसेंबर २०२२ चा, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीतला. एका छोट्या धातूच्या नळकांड्यात दोनेक मिलिमीटर व्यासाची इंधनाची गोळी ठेवली, त्यावर १९२ लेझर झोत सोडले. झोतांची मिळून ऊर्जा २.०५ मेगाज्यूल, संमीलनातून निघाली ३.१५ मेगाज्यूल. ही मोठी गोष्ट आहे, तिचे मोल मी कमी करत नाही. लक्ष्यावर जेवढी ऊर्जा पडली तिच्यापेक्षा जास्त ऊर्जा नियंत्रित संमीलनातून परत आली, असे त्या दिवशी पहिल्यांदा घडले. नंतर त्याच यंत्राने पाच मेगाज्यूलचाही टप्पा ओलांडला. पण २.०५ हा आकडा लेझरचा प्रकाश लक्ष्यावर पोचला तिथला आहे. तो प्रकाश तयार करायला ओढलेली वीज ३०० मेगाज्यूलच्या आसपास होती.

युनिटमध्ये सांगतो, कारण मेगाज्यूलचे बिल कुणाला येत नाही. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. लावली ८३ युनिट वीज. मिळाली पाऊण-एक युनिट, तीही उष्णता. तिची वाफ करून टर्बाइन फिरवले असते तर हाती आले असते जेमतेम ०.३ युनिट. शिवाय असा मारा तिथे फार तर दिवसाकाठी एखाद-दुसरा होतो. वीज केंद्र चालवायचे तर सेकंदाला दहाएक गोळ्या उडवाव्या लागतील. न्यायाने हेही सांगायला हवे की ते यंत्र वीज केंद्र म्हणून बांधलेलेच नाही. त्याचे मुख्य काम अण्वस्त्रांच्या अभ्यासाचे आहे, त्याचे लेझर जुन्या धाटणीचे आहेत आणि आज त्याहून कितीतरी काटकसरी लेझर बनतात. लेखात यातले काहीच नव्हते.

दुसरा मार्ग चुंबकांचा: इंधनाचा अतितप्त, विद्युतभारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकांनी धरून ठेवायचा. फ्रान्सच्या दक्षिणेला कादाराश येथे सात भागीदार मिळून ‘इटर’ हे असे संमीलन यंत्र उभारत आहेत. त्याच्या आराखड्यात ५० मेगावॉट उष्णता देऊन ५०० मेगावॉट संमीलन-शक्ती मिळवायची आहे. म्हणजे दहापट. ही दहापटही प्लाझ्माच्या दाराशी मोजलेली आहे. तिथले पंप, शीतकरण, चुंबक यांच्यासाठी सतत ११० मेगावॉटच्या पुढे वीज लागणार आणि प्लाझ्मा चालताना काही सेकंद हा भार ६२० मेगावॉटपर्यंत जाणार, असे त्यांचे स्वतःचेच आकडे आहेत. आता ५०० मेगावॉट उष्णतेचे एक तृतीयांश करा: १६५ मेगावॉट वीज. केंद्राचा स्वतःचा वापर वजा केल्यावर काय उरते ते वाचकांनीच पाहावे. अर्थात इटरला टर्बाइन जोडणारच नाहीत, ती उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत सोडून देणार. ते प्रयोगाचे यंत्र आहे आणि खऱ्या ड्यूटेरियम-ट्रिटियम इंधनावर ते २०३९ मध्ये चालवायचे, असे सुधारित वेळापत्रक सांगते. ‘लवकरच’ हा शब्द लेखकाने कुठून आणला, कुणास ठाऊक.

आता विखंडनाकडे पाहा. १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना युरेनियमवर न्यूट्रॉन मारल्यावर बेरियम सापडले. केंद्रक दुभंगले आहे हा त्याचा अर्थ लिझे माइटनर आणि ऑटो फ्रिश यांनी लावला. (पुढे नोबेल एकट्या हान यांना मिळाले. हे नोंदवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.) २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्या चमूने साखळी प्रक्रिया (एका फुटीतले न्यूट्रॉन पुढची फूट घडवतात ती) चालवून दाखवली तेव्हा तिची शक्ती अर्धा वॉट होती. २० डिसेंबर १९५१ ला अमेरिकेत आयडाहोतल्या भट्टीवर चार दिवे लागले. २७ जून १९५४ ला सोव्हिएत संघातल्या ओबनिन्स्कच्या केंद्रातून पाच मेगावॉटपर्यंतची वीज ग्रिडमध्ये जाऊ लागली. अर्ध्या वॉटपासून ग्रिडपर्यंत साडेअकरा वर्षे. संमीलनासाठी टोकामाक या चुंबकी यंत्राची कल्पना ताम आणि साखारोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मांडली तीही पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याला सत्तर वर्षे उलटून गेली आणि ग्रिडमध्ये एक युनिट आलेले नाही.

हुशार माणसे दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो विजेच्या भारामुळे. युरेनियम-२३५ च्या केंद्रकात शिरायला न्यूट्रॉन लागतो आणि न्यूट्रॉनवर भारच नसतो, त्यामुळे त्याला कुणी अडवत नाही. उलट तो जितका संथ, तितका विखंडन घडवण्याचा संभव जास्त. म्हणून तर भट्टीत पाणी किंवा ग्रॅफाइट ठेवून त्याचा वेग मारतात. केंद्रक फुटले की सुमारे २०० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे अणूच्या पातळीवरचे ऊर्जेचे माप) ऊर्जा आणि सरासरी २.४ नवे न्यूट्रॉन. यासाठी प्रचंड तापमान लागत नाही, चुंबक लागत नाहीत. इतके सोपे आहे की गॅबनमधल्या ओक्लो इथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी हे जमिनीत आपोआप घडून गेले. तेव्हा नैसर्गिक युरेनियमात २३५ चे प्रमाण तीन टक्क्यांच्या वर होते, आज ०.७ टक्के आहे. त्या खाणीच्या खडकात पाणी झिरपले आणि अणुभट्टी चालू झाली! हे कळले १९७२ मध्ये, युरेनियमच्या हिशेबात २३५ थोडेसे कमी भरले तेव्हा. हिशेबातल्या तुटीमागे लागणाऱ्या माणसांबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

संमीलनात मात्र दोन्ही केंद्रके धनभारित. ती एकमेकांना ढकलतात आणि पुरेशी जवळ आणायची तर त्यांना विलक्षण वेग द्यावा लागतो, म्हणजेच तापमान. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड भावांची जोडी त्यातल्या त्यात सोपी, पण तिलाही सुमारे १५ कोटी अंश लागतात. एवढ्या तापमानाला कुठलेच भांडे टिकत नाही, म्हणून चुंबकीय क्षेत्रात तरंगता प्लाझ्मा. तोही हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ.

इथेच ‘पृथ्वीवर सूर्य’ या मथळ्याबद्दल माझी तक्रार आहे. सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंश, म्हणजे आपल्याला लागते त्याच्या एक दशांश. तिथे साधे हायड्रोजन जळते आणि त्याची पहिली पायरी इतकी संथ आहे की एखाद्या प्रोटॉनला जोडीदार मिळायला सरासरी अब्जावधी वर्षे जातात. गाभ्याच्या मध्यभागीसुद्धा एका घनमीटरमध्ये ३०० वॉटपेक्षा कमी शक्ती निर्माण होते. तीनशे वॉट! सूर्य तेजस्वी आहे तो त्याच्या आकारमानामुळे. ३,००० मेगावॉट उष्णता देणारे, म्हणजे हजारएक मेगावॉट विजेचे केंद्र खरोखर सूर्याच्या पद्धतीने बांधायचे तर एक कोटीहून जास्त घनमीटर सूर्य लागेल. तेवढीच उष्णता देणारा दाबाच्या पाण्याच्या अणुभट्टीचा गाभा तीसएक घनमीटरमध्ये बसतो. आमच्या बॉयलरची भट्टीसुद्धा उंच इमारतीएवढी असते. तेव्हा इंजिनिअर जे बनवू पाहत आहेत ते सूर्याहून दहापट तापलेले आणि सूर्यापेक्षा कितीतरी निकडीने जळणारे काहीतरी आहे. सूर्याची उपमा देऊन आपण त्यांचे काम सोपे करून दाखवतो.

दोन्हींतून ऊर्जा का मिळते, हे लेखात बरोबर होते, त्यामुळे एका वाक्यात उरकतो. लोखंडाच्या आसपासची केंद्रके सर्वांत घट्ट बांधलेली, म्हणून फार जड केंद्रके फोडली किंवा फार हलकी जोडली तर घट्टपणाकडे जाताना फरकाची ऊर्जा सुटते. ड्यूटेरियम-ट्रिटियमच्या एका जोडीतून १७.६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे युरेनियमच्या एका फुटीपेक्षा खूप कमी. पण ते कण इतके हलके की किलोमागे हिशेब चौपट पडतो. वर्षभर चाललेल्या १,००० मेगावॉटच्या अणुभट्टीत प्रत्यक्ष फुटते ते सुमारे एक टन जड मूलद्रव्य. आम्ही ५०० मेगावॉटच्या संचात तासाला तीनशे टनांहून जास्त कोळसा घालत असू. हा आकडा मी मुद्दाम घालतो आहे, कारण इंधनाच्या वजनाच्या बाबतीत विखंडनानेच एवढी मजल मारली आहे की पुढच्या चौपटीने व्यवहारात फारसे काही अडत किंवा सुटत नाही.

अडते ते न्यूट्रॉनच्या जमाखर्चात. विखंडनात एक खर्च होतो आणि दोनहून जास्त परत येतात, त्यामुळे काही हरवले तरी चालते. संमीलनात एका ट्रिटियमच्या बदल्यात एकच न्यूट्रॉन मिळतो. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नाही. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, साठवून ठेवले तरी आपोआप घटते. ते लिथियमवर न्यूट्रॉन मारून बनवायचे, म्हणजे मिळालेला प्रत्येक न्यूट्रॉन लिथियमपर्यंत पोचवून त्याचे ट्रिटियम करायला हवे. काही तर हुकणारच. ती तूट भरायला बेरिलियम किंवा शिसे लावून न्यूट्रॉनची संख्या वाढवावी लागते. एक गिगावॉट संमीलन-शक्ती वर्षभर चालली तर सुमारे ५६ किलो ट्रिटियम लागते आणि जगातला नागरी वापराचा सगळा साठा पंचवीस-तीस किलोंच्या घरात, तोही जड पाण्याच्या विखंडन भट्ट्यांतून आलेला. म्हणजे आमच्या गटातला मित्र ज्या भट्ट्या नकोत म्हणतो आहे, त्यांच्याचकडून संमीलनाला पहिली शिदोरी मिळणार आहे. आपले ट्रिटियम आपणच बनवून चालणारे संमीलन यंत्र आजवर कुणी दाखवलेले नाही. शिवाय निघालेल्या ऊर्जेचा चार पंचमांश भाग ज्या वेगवान न्यूट्रॉनबरोबर बाहेर येतो, तेच यंत्राची भिंत ठिसूळ आणि किरणोत्सारी करतात. संमीलनाचा कचरा अगदीच नाही असे नव्हे. तो विखंडनाच्या मानाने लवकर निवतो, एवढे खरे.

विखंडनाची वकिली करतोय असे वाटू नये म्हणून त्याच्या दुखण्यांबद्दलही लिहितो. लेखात ‘स्फोटाचा धोका’ एवढ्या दोन शब्दांत ती गुंडाळली होती. ३,००० मेगावॉटची भट्टी लहरीत न जाता चालते ती थोड्याशा रेंगाळणाऱ्या न्यूट्रॉनमुळे. फुटीतून येणारे बहुतेक न्यूट्रॉन तत्क्षणी येतात आणि पुढची पिढी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर तयार होते. फक्त त्यांच्या भरवशावर राहिलो आणि पिढीमागे हजारात एक न्यूट्रॉन जास्त झाला, तर एका सेकंदात शक्ती वीस हजार पटींवर जाईल. कुठलाही माणूस, कुठलीही मोटर एवढ्या वेगाने प्रक्रिया आवरणारे, न्यूट्रॉन शोषणारे दांडे आत सारू शकत नाही. पण हजारातले सहा-सात न्यूट्रॉन फुटीनंतरच्या तुकड्यांतून काही सेकंदांनी, काही तर जवळजवळ मिनिटभराने येतात. भट्टी या सहा-सातांची वाट पाहत चालेल अशी ठेवली, की तेवढ्याच वाढीला शक्ती दुप्पट व्हायला अर्धे मिनिट तरी लागते. कंट्रोल रूममधल्या माणसाला अर्धे मिनिट पुष्कळ. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चेर्नोबिलला नेमके हेच सुटले: पाण्याची वाफ झाली की प्रक्रिया वाढावी अशी त्या भट्टीची घडण, आत जाताना आधी प्रक्रिया वाढवणारी ग्रॅफाइटची टोके दांड्यांना, आणि भट्टीला त्या सहा-सात न्यूट्रॉनची गरजच उरली नाही.

दुसरे दुखणे बंद केल्यानंतरचे. आमचा बॉयलर ट्रिप झाला की इंधन तुटते, आग विझते. उरलेली वाफ सोडून दिली की धोका संपला. अणुभट्टी ट्रिप केली तर साखळी थांबते, पण किरणोत्सारी तुकडे उष्णता देतच राहतात. पहिल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के, म्हणजे ३,००० मेगावॉटच्या भट्टीत २०० मेगावॉटच्या आसपास. तासाभराने चाळीस-पन्नास, दिवसानंतरही पंधराएक मेगावॉट. पाणी फिरते ठेवलेच पाहिजे. ११ मार्च २०११ ला फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच बंद झाल्या होत्या. घात झाला तो त्सुनामीने पंपांची वीज हिरावली म्हणून.

आणि २८ मार्च १९७९ चा, अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रातला अपघात तर माझ्यासारख्याने विसरूच नये असा. भट्टी काही सेकंदांत ट्रिप झाली. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह उघडला आणि अडकून उघडाच राहिला. पॅनलवरचा दिवा मात्र व्हॉल्व्हची स्थिती दाखवत नव्हता, त्याला बंद होण्याचा हुकूम गेला एवढेच दाखवत होता. ऑपरेटरनी दिव्यावर विश्वास ठेवला, तासन्‌तास पाणी निघून गेले आणि जवळजवळ निम्मा गाभा वितळला. मी अशाच पॅनलसमोर रात्रपाळ्या काढल्या आहेत. हुकूम आणि स्थिती यांच्यासाठी वेगवेगळे दिवे असावेत, या एका मुद्द्यावर मी बैठकांत किती वेळा बोललो असेन! दरवेळी कुणी ना कुणी घड्याळ पाहायचे.

या दोन्ही दुखण्यांतून संमीलन सुटलेले आहे, आणि ते त्याचे खरे मोठेपण. यंत्रात कुठल्याही क्षणी असलेले इंधन काही ग्रॅमच्या आत. चुंबक बिघडला, प्लाझ्मा भिंतीला लागला, तर तो तत्काळ थंड होतो आणि प्रक्रिया थांबते. बेकाबू होण्यासारखी साखळीच तिथे नाही. किरणोत्सारी झालेल्या भिंतींत थोडी उष्णता राहते, पण गाभा वितळण्याची गोष्ट नाही. तसेच प्लुटोनियमसारखा २४ हजार वर्षांच्या अर्धायुष्याचा वारसाही मागे राहत नाही. लेखकाने यावर दोन परिच्छेद लिहिले असते तर मी आनंदाने वाचले असते.

तेव्हा संमीलनाच्या बातम्या जरूर छापाव्यात. प्रत्येक बातमीत मात्र तीन आकडे असू द्यावेत: लक्ष्यावर किंवा प्लाझ्मात किती ऊर्जा गेली, त्यासाठी बाहेरून किती वीज ओढली, आणि फाटकाबाहेर किती वीज गेली. तिसऱ्या जागी शून्य असेल तर शून्यच छापावे, त्यात कमीपणा नाही. १९४२ मध्ये शिकागोतही ते शून्यच होते.

आणखी एक. लेखाखालच्या चौकटीत ‘संमीलनाचे सर्व इंधन समुद्राच्या पाण्यातून मिळते’ असे छापले आहे. समुद्राच्या एका घनमीटर पाण्यात मिळते ते ड्यूटेरियम, सुमारे ३३ ग्रॅम. ट्रिटियमचे वर लिहिलेच आहे. पुढच्या रविवारी तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वीजनिर्मिती अभियंता